कीली, किल्ली

तालुका ऑफिसातून फॉर्म आलाय, दोन पानांचा.
वरती कानडी, खाली इंग्रजी,
मधल्या फटीत मी पेन्सिलीनं मराठी लिहून घेतलंय
चुकू नये म्हणून.

वाचनालयास कुंपण आहे काय?
आहे. पुढून.
मागच्या बाजूला गावड्यांची म्हैस आहे.

आग विझवायचं साधन?
दारामागं लाल नळकांडं, मुदत संपून चार वर्षं झाली.
कल्लाप्पा बिर्जे होते तोवर
बिडीवाल्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत.
स्वतः मात्र ओढायचे,
म्हणून नोकरीची तीस वर्षं
ते पायरीवरच बसले.

कॅमेरा?
एक. देणगीतला.
वायर कुठं जोडायची ते सांगणारा माणूस
हुबळीहून यायचाय.
तोवर चिमणीनं त्याच्यावर काड्या रचल्यात.
तीही बघतच असते.

गहाळ पुस्तकं?
एकशे बारा.
लग्न होऊन गोव्याला गेलेल्या सुशीला घाडीकडची नऊ
यात धरली नाहीत,
ती पोस्टानं एकेक करून येतायत,
मधे माशांचा वास घेऊन.

ब्लेडनं कापलेली पानं वेगळी.
त्या पोराला मी धरलं तेव्हा
पोलीस भरतीच्या गाईडातला गणिताचा धडा
त्याच्या बनियनच्या आत होता.
'झेरॉक्सला पैसे न्हाईत, अक्का.'
ब्लेड काढून घेतलं. म्हटलं, उद्या ये,
येताना मैद्याची खळ करून आण,
चिमूटभर मोरचूद घाल तीत, नाहीतर कसर लागते.
आला. महिनाभर चिकटवत बसला.
आता तो चोराच्या रकान्यात घालायचा
का रखवालदाराच्या?

वाळवीला रकानाच नाही.
ओलीलाही नाही.
खानापुरात जुलैत मिठाचं पाणी होतं,
कौलाखाली ठेवलेलं ज्ञानही फुगतं.
मी चैत्रातच सगळं अंगणात पसरते,
प्रत्येक कप्प्यात वेखंडाची पुरचुंडी.
रस्त्यानं जाणारी एखादी थांबून विचारते,
पापड कसे दिले?

आणि मग सहावा प्रश्न,
बारीक अक्षरात: दंगा, उपद्रव यांचा धोका?

त्या रात्री मी बेळगावात, शहापूरला, बहिणीकडं.
स्टँडवर टायर पेटलेले, बसा बंद.
समोरच्या चहाच्या गाडीवरच्या बसव्वाला फोन लावला.
मागं आरडाओरडा, आणि ती म्हणाली,
'कीली हाकीन्री अक्का, कीली हाकीन्री.'
मी किंचाळले, किल्ली हाकललीस?
कुठं हाकललीस? गटारात?
पलीकडं ती आणि मी
एकाच शब्दाला दोन टोकांनी ओढत होतो.
मग कळलं,
तिच्याकडं कीली म्हणजे कुलूप.
कुलूप घातलंय, म्हणत होती बाई.

सकाळी पोचले तर
दाराला आडवं तिचं बाकडं,
आणि आमचा बोर्ड उपडा, गाडीखाली,
वर कांद्याचं पोतं.
एकच काच गेलेली. आत टेबलावर धोंडा.
कुणाचा, कुठल्या बाजूचा, त्यानं सांगितलं नाही.
मी त्याला दाखल क्रमांक दिला, रजिस्टरात,
विषय: इतर.
भाषेच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
मोकळा सोडला.

फॉर्ममध्ये लिहिलं: नुकसान किरकोळ.

शेवटचा प्रश्न.
किल्ल्या किती, कोणाच्या ताब्यात?
एक. माझ्या.
दुसरी बसव्वाच्या साखरेच्या डब्यात असते,
ते लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर
तिसऱ्याच दिवशी कुणी साहेब येऊन
ती कपाटात ठेवून गेला असता,
आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात.

पंधरवड्याला तिच्यावर मुंग्या चढतात.
बसव्वा ती गरम पाण्यात बुडवते, पदराला पुसते,
परत साखरेत.
आमचं कुलूप थोडं चिकट लागतं हाताला.
सभासदांनी तक्रार केलीय.